गाडीच्या स्टीलच्या पार्टवरचे चिवट डाग कशाने निघतील?

तुम्ही लिहिलंय की लातूरला गाडी बोअरच्या पाण्यानं धुता. फूटस्टेपवर पांढरा थर बसलाय, मागच्या गार्डवर तांबूस ठिपके आलेत, सायलेन्सरचं टोक काळं-निळं पडलंय, आणि आता बाथरूमचं अ‍ॅसिड मारून बघावं का?

अ‍ॅसिडची बाटली आधी जागेवर ठेवा. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा गंज थोपवतो. या अ‍ॅसिडमधलं क्लोराइड नेमका तोच पापुद्रा फोडतं. डाग जातो, पण त्या जागी पुढे बारीक खड्डे पडतात. ब्लीचचंही तेच. तांब्याच्या भांड्याला चालतं ते लिंबू-मीठही इथे नको, मीठ म्हणजे क्लोराइडच.

पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साबणानं तो हलत नाही, सौम्य आम्ल लागतं. आधी काळी माती पाण्यानं पूर्ण धुऊन काढा. कोरडी पुसली तर तिच्यातल्या कचेनं ओरखडे पडतात. मग १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. सुती फडकं त्यात भिजवून थरावर गुंडाळा, ८-१० मिनिटं ठेवा, सुकू देऊ नका. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे दिसतील, म्हणजे काम चालू आहे. नायलॉनच्या मऊ स्पंजनं पुसा, भरपूर पाणी मारा आणि लगेच कोरडं करा. नाही निघालं तर पुन्हा लावा, जोर लावू नका. हे सावलीत आणि गार पार्टवरच करायचं. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी पुसायच्या आत वाळतं आणि नवा डाग तयार. अंगणात शहाबादी फरशी असेल तर गाडी बाहेर काढा. तो चुनखडीचाच दगड आहे, आम्ल सांडलं की फरशीवर कायमचे फिके पट्टे उठतात.

शेवटचा हात आरओच्या शुद्ध पाण्याचा मारला तर उत्तम. त्याच मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

तांबूस ठिपके बहुतेक वेळा स्टीलचे स्वतःचे नसतात. ब्रेकची धूळ, वेल्डिंगच्या दुकानाजवळ उडालेला लोखंडाचा भुगा किंवा भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचे अडकलेले कण गंजतात. म्हणून तारेचा काथ्या अजिबात नको. ३ भाग खायचा सोडा आणि १ भाग पाणी अशी पेस्ट करून, ब्रश फिनिशच्या रेषा ज्या दिशेनं आहेत त्याच दिशेनं घासा. आडवं घासलं तर ते ओरखडे उन्हात लांबून दिसतात. तरी राहिले तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवालं क्लीनर डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ लावा. ते विषारी आहे. हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा.

ठिपका गेल्यावर तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खड्डा पडलाय, तो कुठल्याच क्लीनरनं भरत नाही. चार-आठ दिवसांत त्याच जागी गंज परत आला आणि कडेला पापुद्रे सुटत असतील, तर तो पार्ट स्टेनलेस नसून लोखंडावर क्रोम केलेला आहे. बाजारात लावलेल्या गार्डमध्ये हे सर्रास निघतं. चुंबकावर फार विसंबू नका. ४०९ आणि ४३० ग्रेडच्या खऱ्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं.

सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. काजळी भांड्याच्या लिक्विडनं आणि कोमट पाण्यानं निघते, डांबराचे थेंब रॉकेलच्या फडक्यानं. उरलेला निळा-सोनेरी रंग ही घाण नव्हेच, उष्णतेनं जाड झालेला ऑक्साइडचा थर आहे. मेटल पॉलिशनं तो उतरतो, पण पाइप तापला की पुन्हा येणार. मला तर तो तसाच ठेवायला हरकत वाटत नाही.

सगळं कोरडं झाल्यावर फूटस्टेप आणि गार्डवर कार वॅक्सचा पातळ हात द्या, क्षार घट्ट बसत नाहीत. फूटस्टेपवर पाय ठेवायची जागा सोडा, नाहीतर घसराल. सायलेन्सरवर वॅक्स वाया जातं, जळून जातं. दाराच्या स्कफ प्लेटवर, म्हणजे दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीवर, नाव छापलेलं असेल तर पॉलिशआधी अक्षरांवर मास्किंग टेप लावा, नाहीतर अक्षरंच पुसली जातील.