कमी धक्क्याची 12 गेज काडतुसं: घरासाठी कोणती घ्यावीत?

तुमचा प्रश्न असा: टेक्सासमध्ये राहता, घरात मॉसबर्ग 590 पंप शॉटगन आहे, पण पत्नीला तिचा धक्का सोसत नाही. मग कमी धक्क्याची काडतुसं घरच्या संरक्षणाला पुरतात का, कोणती घ्यावीत, आणि मिनी शेल चालतील का? मी ह्यूस्टनजवळ राहते, चणीने लहान आहे, उजवा खांदा जुना दुखरा आहे आणि माझ्याकडेही 590 च आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. पावणेतीन इंची, आठ छऱ्यांचं डबल ऑट बकशॉट (मोठ्या शिशाच्या छऱ्यांचं काडतूस) घ्या, ज्याच्या खोक्यावर वेग 1145 ते 1200 फूट प्रति सेकंद लिहिलेला असेल. माझ्या बंदुकीत फेडरल कंपनीचं फ्लाइटकंट्रोल काडतूस असतं, आठ छर्रे, 1145 फूट. आपल्याकडे बारा बोरवाले ज्याला एसजी म्हणतात, जवळजवळ त्याच मापाचा हा छर्रा: 8.4 मिलिमीटर.

नेहमीच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसात नऊ छर्रे असतात आणि वेग साधारण 1325 फूट. छर्रे नऊच ठेवून वेग 1145 वर आणला, तर त्याच बंदुकीचा मागे येणारा धक्का ऊर्जेच्या हिशेबात सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. एक छर्रा काढलात की घट 40 टक्क्यांच्या घरात जाते. हा ढोबळ हिशेब आहे, बंदुकीची दारू आणि वॅड (छर्रे धरून ठेवणारी काडतुसातली प्लास्टिकची वाटी) यांचं वजन यात धरलेलं नाही. पण खांद्याला हा फरक पहिल्याच बाराला कळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नळी कमी उडते, पंप मारून पुन्हा नेम धरायला वेळ कमी लागतो.

ताकद पुरते का, ही शंका बहुतेकांना असते. अमेरिकी पोलीस खात्यांत अशी काडतुसं बरीच वर्षं वापरात आहेत. शरीराच्या जागी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच शिरावी हा एफबीआयचा निकष. डबल ऑटचा छर्रा वेग कमी करूनही तो निकष गाठतो, कित्येकदा ओलांडतो. घरातलं अंतर पाच-दहा मीटरचं. तिथे जास्तीच्या 180 फूट वेगाने हाती काही लागत नाही, फक्त खांदा शेकतो. फ्लाइटकंट्रोलमध्ये छऱ्यांभोवतीचा वॅड मागच्या बाजूने उघडतो आणि छऱ्यांना जास्त वेळ एकत्र धरून ठेवतो. त्यामुळे खोलीभर अंतरावर सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेत बसतात. माझ्या मते हा धक्क्याइतकाच मोठा फायदा आहे, कारण भरकटलेला प्रत्येक छर्रा कुठेतरी जाऊन लागणारच असतो.

आता फसगत कुठे होते ते सांगते. नुसते ‘आठ छर्रे’ बघून खोकं उचलू नका. हॉर्नेडीचं क्रिटिकल डिफेन्स आठच छऱ्यांचं आहे, पण वेग 1600 फूट. काडतूस उत्तम आहे, पण धक्का नऊ छऱ्यांच्या साध्या काडतुसापेक्षा जास्त. वेगाचा आकडा वाचल्याशिवाय काहीच घेऊ नका.

मिनी शेल म्हणजे पावणेदोन इंची काडतुसं, आगिलाची किंवा फेडरलची शॉर्टी. धक्का खरोखर सौम्य असतो. फेडरलच्या शॉर्टीत सहा डबल ऑट छर्रे 1200 फुटांनी जातात, म्हणजे अगदीच किरकोळ प्रकार नाही. अडचण बंदुकीची आहे. साधी 590 पावणेतीन आणि तीन इंची काडतुसांसाठी घडवलेली असल्याने आखूड काडतूस वर चढताना उलटं फिरून अडकतं. त्यावर ऑपसॉलची रबरी मिनी-क्लिप मिळते, मॉसबर्गची 590एस तर पावणेदोन, पावणेतीन आणि तीन इंची अशी तिन्ही लांबीची काडतुसं चालवते. 590एस असेल तर विचार करा. साध्या 590 मध्ये, रात्री दोन वाजता, घाबरलेल्या हातांनी पंप मारायचा असेल तर मी ती जोखीम कुणालाही घेऊ देणार नाही.

बर्डशॉट सरावाला छान, घरच्या रक्षणाला नाही. बारीक छर्रे पुरेसे खोल जात नाहीत. आणि ‘20 गेज घ्या, धक्का कमी’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. 20 गेजची बंदूक हलकी असते, त्यामुळे वाचलेला धक्का बराचसा परत येतो.

काडतूस बदलण्याआधी बंदुकीचा दस्ता मात्र नक्की तपासा. 590 चा नेहमीचा दस्ता जवळजवळ 14 इंचांचा असतो. लहान चणीच्या माणसाला तो लांब पडतो. मग खांदा मागे जातो, पाठ वाकते आणि धक्का थेट हाडावर बसतो. मॅगपुलच्या एसजीए दस्त्याची लांबी स्पेसर काढून 12.4 इंचांपर्यंत आणता येते. पुढचा हात फोरएंड (नळीखालची पंपाची मूठ) पुढे ढकलतो आहे, मागचा हात दस्ता खांद्यात ओढतो आहे, अशी पकड शिकवणारा प्रशिक्षक शोधा. तुमच्या पत्नीचा निम्मा त्रास बहुधा इथेच संपेल.

ड्रायवॉलच्या, म्हणजे इथल्या घरांतल्या पातळ जिप्सम फळ्यांच्या भिंतींबद्दलही स्पष्ट सांगते. कमी धक्क्याचा छर्रासुद्धा एकामागून एक अशा भिंती भेदून जातो. मुलांची खोली कुठे आहे, शेजाऱ्यांचं घर कुठल्या बाजूला आहे, हे दोघांनी दिवसाउजेडी घरात फिरून ठरवा. बंदूक झटकन उघडणाऱ्या कुलपात, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं ठेवून असू द्या. घरात मूल असेल तर याला पर्यायच नाही.

आपल्या लोकांत एक गोष्ट क्वचितच बोलली जाते, ती व्हिसाची. तुम्ही ग्रीन कार्डवर किंवा नागरिक असाल आणि पत्नी एच-4 वर (एच-1बी वगैरे कामाच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल, तर केंद्रीय कायद्याने तिला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला साधारणपणे मनाई आहे. एच-1बी आणि एफ-1 वाल्यांचंही तेच. शिकारीचा वैध परवाना असा काही अपवाद आहे, पण त्यावर स्वतःच्या मनाने विसंबू नका. रेंजवर जाण्याआधी वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर तुरुंग आणि इमिग्रेशन दोन्हींची टांगती तलवार. आणि पुढेमागे इलिनॉयला गेलात तर तिथे काडतुसं विकत घ्यायलाही राज्याचं एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र) लागतं.

हे सगळं मार्गी लागलं की दोन ब्रँडची प्रत्येकी काही खोकी आणा. तुमच्या घरातलं सर्वांत लांब अंतर मोजा, शयनकक्षाच्या दारापासून जिन्यापर्यंत असेल ते. रेंजवर तेवढ्याच अंतरावर कागद लावून दोघांनीही बार काढा. छऱ्यांचा पसारा प्रत्येक नळीत वेगळा पडतो, म्हणून माझ्या बंदुकीचा निकाल तुमच्या कामाचा नाही. ज्या काडतुसाचे सगळे छर्रे कागदावर एकत्र बसतात आणि जे पत्नी न बिचकता लागोपाठ चालवू शकते, ते ठेवा. नेहमीच्या सरावाला हलकी टार्गेट काडतुसं वापरा, पण दर खेपेला शेवटी दोन-तीन बार घरातल्या काडतुसाचेच काढा.