संगणक-शंका : झॅमलचा अबोला आणि बिलाचे आकडे

या वेळची बहुतेक पत्रं डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोजसाठी खिडक्या बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात, लिहिलेल्या दुकानी प्रोग्रॅमबद्दल आहेत. खिडकी, रकाने, बटणं झॅमल या मांडणीच्या भाषेत मांडायची आणि हिशेब सी शार्पमध्ये ठेवायचा, ही २००६ सालापासूनची पद्धत आजही चांगली चालते. अडचण एवढीच की बाइंडिंग, म्हणजे पडद्यावरचा घटक आणि कोडमधली किंमत यांची जोडणी, चुकलं तर प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रारही करत नाही. पडदा नुसता कोरा राहतो, नाहीतर भलतंच दाखवतो. प्रॉपर्टींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत; कोडमध्ये ती रोमन अक्षरांत, शब्द सलग जोडून लिहावीत.

प्रश्न : घाऊक किराण्याच्या बिलात सी शार्पमधून आकडा १,५०,०००.०० असा बरोबर येतो, पण तोच टेक्स्टब्लॉकला बाइंड केला की १५०,०००.०० दिसतो. ३ एप्रिलची तारीख ४/३ अशी येते आणि गिऱ्हाईक ती ४ मार्च समजतं. विंडोजमध्ये रिजन भारताचाच आहे. – सियागंज, इंदूर

उत्तर : तुमचं विंडोजही बरोबर आहे आणि तुमचा कोडही. डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग आकडा सजवताना विंडोजच्या रिजनकडे बघतच नाही. ते त्या घटकाची 'लँग्वेज' ही प्रॉपर्टी बघतं आणि तिची मूळ किंमत अमेरिकन इंग्रजी आहे. जगभरच्या प्रोग्रॅमरना छळणारी ही गोष्ट आहे, पण लाख-कोटींत हिशेब करणाऱ्या आपल्या बाजारात ती पहिल्याच बिलाला उघडी पडते.

उपाय एकदाच करायचा. ॲप क्लासच्या ऑनस्टार्टअपमध्ये, पहिली खिडकी तयार होण्याआधी, फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेजप्रॉपर्टीवर ओव्हरराइडमेटाडेटा बोलवा. त्याला टाइप म्हणून फ्रेमवर्कएलिमेंट द्या आणि नवी किंमत म्हणून चालू कल्चरच्या (आकडे-तारखा लिहायच्या प्रादेशिक पद्धतीच्या) नावावरून एक्सएमएललँग्वेज-गेटलँग्वेजने काढलेली भाषा द्या. ही ओळ दुसऱ्यांदा चालली तर एक्सेप्शन येतं, म्हणून ती खिडकीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवू नका.

दोन गोष्टी मात्र या उपायातून निसटतात. टेक्स्टब्लॉकच्या आत 'रन' हा मजकुराचा तुकडा वापरून आकडा दाखवला असेल तर तो तसाच अमेरिकन राहतो, कारण रन हा फ्रेमवर्कएलिमेंटचा वारस नाही. त्याच्यासाठी रन हा टाइप देऊन हेच पुन्हा करावं लागतं. दुसरं, शेठजींनी कंट्रोल पॅनेलमध्ये तारखेचा साचा स्वतःच्या आवडीने बदलला असेल तर तो बदल या मार्गाने येत नाही, कारण इथे कल्चर नावावरून नव्याने बनतं. त्या ठिकाणी बाइंडिंगलाच कन्व्हर्टरकल्चर द्या आणि एक्स-स्टॅटिकने कल्चरइन्फोचं करंटकल्चर जोडा.

तारखेच्या साच्यात तिरपी रेघ लिहिली की तिच्या जागी त्या कल्चरचं विभाजक चिन्ह येतं, त्यामुळे काही मशीनवर रेघेऐवजी डॅश दिसेल. रेघच हवी असेल तर ती साच्यात एकेरी अवतरणात लिहा. आणि लेबल वापरत असाल तर स्ट्रिंगफॉरमॅट चालणारच नाही. लेबलचं कंटेंट 'ऑब्जेक्ट' प्रकारचं असतं आणि स्ट्रिंगफॉरमॅट फक्त मजकुराच्या प्रॉपर्टीला लागू होतो. तिथे कंटेंटस्ट्रिंगफॉरमॅट लिहा.

प्रश्न : सोन्याचं वजन ११.६६४ ग्रॅम टाइप करताना टिंब उमटत नाही. अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्ड ठेवला आहे, कारण वजन बदललं की रक्कम लगेच बदलायला हवी. – सराफा, इंदूर

उत्तर : हे आधी दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. तुम्ही '११.' टाइप करता त्याच क्षणी बाइंडिंग तो मजकूर आकड्यात बदलून मागे पाठवतं. तिथे '११.' म्हणजे ११. डॉट नेट ४.५ पासून टेक्स्टबॉक्स तो आकडा परत वाचून स्वतःचा मजकूर त्याच्याशी जुळवतो आणि टिंब पुसलं जातं. पुढे ६६४ टाइप केलं की चौकटीत ११६६४ उभं. मान खाली घालून भराभर टाइप करणाऱ्या मुनीमजींच्या हे लक्षातही येणार नाही.

आमचा सल्ला : वजन आणि दराच्या चौकटींत ट्रिगर लॉस्टफोकस ठेवा, म्हणजे चौकट सोडल्यावरच आकडा मागे जाईल. टेक्स्टबॉक्सचा तो मूळचाच स्वभाव आहे. टॅब दाबताच रक्कम बदलते आणि सराफाच्या काउंटरवर तेवढं पुरतं. प्रत्येक अक्षरागणिक रक्कम हलायलाच हवी असेल तर फ्रेमवर्ककंपॅटिबिलिटीप्रेफरन्सेस या क्लासमधली 'कीपटेक्स्टबॉक्सडिस्प्लेसिंक्रोनाइझ्डविथटेक्स्टप्रॉपर्टी' ही किंमत ॲपच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फॉल्स करा. एकदा टेक्स्टबॉक्स वापरात आल्यावर ती बदलता येत नाही. बाइंडिंगला डिले ५०० देणं हा अर्धवट इलाज आहे : टिंबानंतर अर्धा सेकंद थांबलात की तेच पुन्हा. शिवाय वजन आणि पैसे 'डबल'मध्ये ठेवले असतील तर 'डेसिमल'मध्ये आणा. डबलमध्ये ०.१ नेमका बसत नाही आणि बेरजेत पैशाचा फरक निघतो.

प्रश्न : कापडाच्या १८,००० नगांची यादी डेटाग्रिडमध्ये उघडताना खिडकी गोठते. डेटाबेसमधून माल क्षणात येतो, हे मोजून पाहिलं आहे. – महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, इंदूर

उत्तर : मोजून पाहिलंत हे उत्तम केलंत; अर्धं काम झालं. आता डेटाग्रिडच्या बाहेर काय आहे ते बघा. बहुधा स्टॅकपॅनेल असेल, किंवा ग्रिडची अशी ओळ असेल जिची हाइट ऑटो आहे, किंवा स्क्रोलव्ह्यूअर. तिघांचं म्हणणं एकच : 'हवी तेवढी उंची घे.' डेटाग्रिड एरवी पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी बनवतो. अमर्याद उंची मिळाली की त्याच्या लेखी अठरा हजार ओळी मावतात, आणि तो त्या सगळ्या, प्रत्येक रकान्याच्या चौकटीसकट, बनवत बसतो.

खात्री करायला व्हिज्युअल स्टुडिओत प्रोग्रॅम चालू ठेवून लाइव्ह व्हिज्युअल ट्री उघडा आणि डेटाग्रिडरो किती आहेत ते पाहा. पडद्यावर तीस ओळी दिसत असतील तर झाडातही साधारण तेवढ्याच, फार तर थोड्या जास्त, असाव्यात. शेकड्यांनी निघाल्या तर रोग हाच. स्टॅकपॅनेल काढून ग्रिड घाला, वरच्या शोधपट्टीची ओळ ऑटो ठेवा आणि यादीच्या ओळीला हाइट म्हणून नुसता तारा द्या. बाहेरचा स्क्रोलव्ह्यूअर काढून टाका. डेटाग्रिडकडे स्वतःचा असतो.

एवढं करूनही जड वाटलं तर यादी गटांत, म्हणजे मिल किंवा पोतानुसार, विभागली आहे का ते पाहा. गट केले की ही काटकसर आपोआप बंद होते. व्हर्च्युअलायझिंगपॅनेलचं इझव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग ट्रू करावं लागतं. कॅनकंटेंटस्क्रोल कुणी फॉल्स केलं असेल तरी तीच गत. आणि पडद्याला बाइंड केलेल्या ऑब्झर्व्हेबलकलेक्शनमध्ये एकेक नग टाकू नका, दर नगाला पडद्याला निरोप जातो. सगळा माल साध्या लिस्टमध्ये गोळा करा, त्यावरून नवं कलेक्शन बनवा आणि ते एकदम प्रॉपर्टीला द्या. रकान्यांची रुंदी ऑटो असेल तर खाली सरकताना ती मधूनच वाढेल, कारण लांब नावाची ओळ तेव्हा प्रथमच जन्माला येते. नावाच्या रकान्याला ठरावीक रुंदी द्या.

प्रश्न : उधारी थकली की रक्कम लाल व्हावी म्हणून स्टाइलमध्ये डेटाट्रिगर लिहिला, काहीच होत नाही. – महू

उत्तर : टेक्स्टब्लॉकच्या टॅगमध्येच फोरग्राउंड, म्हणजे अक्षरांचा रंग, काळा लिहिला आहे ना? टॅगमध्ये लिहिलेली किंमत स्टाइलच्या ट्रिगरवर नेहमी मात करते. ती तिथून काढून त्याच स्टाइलमध्ये सेटर म्हणून लिहा.

प्रश्न : टूलबारवरचं 'सेव्ह' बटण दाबलं की शेवटच्या चौकटीत टाइप केलेलं साठत नाही. मधेच काही रकाने कोरेही येतात. – देवास

उत्तर : टूलबार हा स्वतंत्र फोकस-स्कोप आहे, म्हणजे तो आपला फोकस खिडकीपासून वेगळा जपतो. त्यावरचं बटण दाबलं तरी खिडकीच्या हिशेबाने फोकस अजून चौकटीतच असतो. लॉस्टफोकस घडत नाही आणि मजकूर मागे पोचत नाही. टूलबारला फोकसमॅनेजरचं इझफोकसस्कोप फॉल्स दिलं की बटणाचं काम होतं, पण मग त्याच टूलबारवरची कट, कॉपी, पेस्ट बटणं आपली चौकट हरवून बसतात. शिवाय कंट्रोल-एसने साठवलं तर अडचण तशीच राहते. म्हणून सेव्हच्या कोडमध्येच आधी खिडकीच्या हिशेबाने फोकस कुठल्या टेक्स्टबॉक्सवर आहे ते फोकसमॅनेजरला विचारा, त्याच्या टेक्स्टप्रॉपर्टीचं बाइंडिंगएक्स्प्रेशन घ्या, ते नल नसेल तर त्यावर अपडेटसोर्स बोलवा आणि मग साठवा.

कोऱ्या रकान्यांसाठी प्रोग्रॅम एफ५ने चालवा आणि आउटपुट विंडोत 'एरर ४०' शोधा. पुढे प्रॉपर्टीचं नाव आणि ती ज्या ऑब्जेक्टवर सापडली नाही तो, दोन्ही लिहिलेले असतात. नावाचं स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं जुळवा. नाव बरोबर असेल तर ती पब्लिक प्रॉपर्टी आहे की नुसता व्हेरिएबल, ते तपासा. गेट नसलेल्या व्हेरिएबलला बाइंडिंग ओळखत नाही. 'एरर २' आली आणि गव्हर्निंग फ्रेमवर्कएलिमेंट सापडत नाही असं म्हटलं असेल, तर तुम्ही डेटाग्रिडच्या रकान्यावरच, समजा त्याच्या व्हिजिबिलिटीवर, बाइंडिंग लावलं आहे. रकाना दृश्य झाडात नसतो, त्याला डेटाकॉन्टेक्स्ट मिळत नाही. फ्रीझेबलपासून छोटा प्रॉक्सी क्लास बनवा, त्यात एक डिपेंडन्सी प्रॉपर्टी ठेवा, तो डेटाग्रिडच्या रिसोर्सेसमध्ये टाका आणि रकान्याच्या बाइंडिंगला स्टॅटिकरिसोर्सने तोच सोर्स द्या.