बटरबिअर करायला घेतोयस? जरा थांब

हॅरी पॉटरच्या पुस्तकांमधलं गोड पेय, म्हणजे बटरबिअर, घरी करायची, तर सगळा जीव बटरस्कॉच सॉसमध्ये आहे. लोणी आणि ब्राऊन शुगर मंद आचेवर वितळव, दाट बुडबुडे आले की क्रीम आणि चिमूटभर मीठ घाल, गॅस बंद. या सॉसवर सोडा ओतायचा, पण तो फ्रिजमधला नको. मी तोच ओतला होता. लोणी गोठून पिवळ्या गुठळ्या वर तरंगायला लागल्या. पाहुण्यांनी तरी प्यायली, बिचाऱ्यांनी!

पुस्तकात ती गरमही मिळते, म्हणून पहिला प्रयोग गरम दुधात कर. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खरोखरची बिअर, अंड्याचा बलक, साखर, जायफळ, लवंग आणि लोणी असा प्रकार करायचे. त्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस, आच जरा वाढली की बलक फाटतो.