‘मुलगा ब्रेक नसलेली सायकल चालवतो, काढून घेऊ का?’

आईने पिशवीतून एक बूट काढला आणि माझ्या समुपदेशनाच्या खोलीत टेबलावर ठेवला. डाव्या पायाचा, कॅनव्हासचा. तळव्याच्या मध्यावर बोटभर रुंदीची खाच पडली होती, तिच्या कडांचं रबर वितळून काळं झालं होतं. “त्याच्या पलंगाखाली सापडला,” त्या म्हणाल्या. “विचारलं तर म्हणतो, जुना झालाय, टाकून दे. मॅडम, चार महिन्यांपूर्वी घेतलाय हा.”

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. इथे त्याला सुजय म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी तिघांचीही परवानगी घेतली आहे. फोनवर आईने सांगितलं होतं ते एवढंच: त्याच्या सायकलला ब्रेक नाहीत. मोडलेले नाहीत, त्यानेच काढून टाकलेत. वडील म्हणतात भंगारात घालतो, आणि ते ऐकल्यापासून मुलगा घरात बोलत नाही. शेवटी आवाज खाली करून त्यांनी विचारलं होतं, “त्याला जीव नकोसा झालाय का हो?”

हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागला आहे. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी ही सायकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी. आपल्या नेहमीच्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि मागून टर्रर्र आवाज येतो. तो मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधल्या ‘कुत्र्यांचा’, म्हणजे आतल्या खिट्ट्यांचा आवाज. फिक्स्ड गिअर सायकलमध्ये, मुलांच्या भाषेत ‘फिक्सी’मध्ये, फ्रीव्हीलच नसतं. मागची दातेरी चकती, म्हणजे कॉग, चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, गच्च बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावायचा, आणि थांबायचं तर अंगाचा भार पुढे टाकून, पाय अडकवून मागचं चाक घसरवायचं. त्याला मुलं ‘स्किड’ म्हणतात.

ही सायकल मुळात वेलोड्रोमची, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकची. जपानमध्ये 1948 साली कोकुरा शहरात केइरिन नावाच्या ट्रॅकवरच्या शर्यती सुरू झाल्या त्या याच प्रकारच्या सायकलींवर. पुढे मोठ्या शहरांतल्या कुरिअरवाल्यांनी ती रस्त्यावर आणली, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. आता सोल आणि टोकियोची रील्स आपली मुलं पुण्यात बसून बघतात. तयार फिक्सी परवडत नाही. मग कोणाकडून तरी जुनी लोखंडी फ्रेम मिळवायची, रंग खरवडायचा, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेन कव्हर सगळं उतरवायचं आणि शेवटी ब्रेकही. सुजयची सायकल अशीच उभी राहिली होती, एकूण 6,800 रुपयांत. त्यातले बहुतेक पैसे त्याने सुट्टीत काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मिळवले होते. बाबांनी दहावीनंतर घेऊन दिलेली गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती, आणि बाबांना ते फार लागलं होतं.

पहिल्या भेटीत मी सुजयला एकट्याला भेटले. आईच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळवणं भाग होतं. मी आडून विचारत नाही. “मरून जावं, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी मनात येतं का?” असं सरळ विचारते. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती पालकांना असते, पण तसं होत नाही. उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. सुजय चकित झाला. “नाही मॅडम. सायकल चालवायला तर मला जगायचंय.” झोप, जेवण, मित्र, अभ्यास, कशातच काळजीचं काही दिसलं नाही. तरीही पुढच्या दोन भेटींत मी पुन्हा विचारलं.

मग मी म्हटलं, “मला सायकलमधलं फार कळत नाही. तुझी मला समजावून सांग.”

पहिली दहा मिनिटं तो तुटक बोलला. नंतर माझ्याच वहीचा कागद ओढून चित्र काढू लागला. पुढे 48 दाते, मागे 16. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की चाकाच्या बरोबर तीन. स्किड मारताना पाय दर वेळी एकाच स्थितीत अडकतात, म्हणून टायरचा नेमका तोच तुकडा रस्त्याला घासतो. बाकी टायर नवा कोरा, आणि तेवढ्या एका जागी आतले दोरे बाहेर. पुढच्या वेळी त्याने तो टायर आणून दाखवला. तळहाताएवढा भाग गुळगुळीत, मधोमध विटलेलं कापड. दर महिन्याला टायरला पैसे मागतो म्हणून बाबांनी, ‘पैसे दुसरीकडे जातात, कुठे ते सांग’ असं सुनावलं होतं. खरं कारण हे एवढं साधं होतं. ते त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

“यावर उपाय नाही का?” मी विचारलं.

“आहे ना. मागे 17 लावायचं. 48 ला 17 ने भाग जात नाही, मग घासायच्या सतरा जागा होतात.” हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. या मुलाला गणितात जेमतेम गुण पडतात, असं आईने मला फोनवर सांगितलं होतं.

“आणि हा कॉग चाकावर धरून कशाने राहतो?”

तो थांबला. पेन्सिल खाली ठेवली. फिक्सीच्या खऱ्या हबवर दोन प्रकारचे आटे असतात. कॉग सुलट आट्यांवर बसतो आणि त्याच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे त्याला जखडणारी कडी, येते. पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटायला बघतो, पण त्याच दिशेने लॉकरिंग आणखी आवळली जाते. सुजयच्या चाकाला असा हब नव्हता. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर चिकट द्रव लावून कॉग नुसता फिरवून बसवला होता. स्वस्तात फिक्सी करणारी बरीच मुलं हेच करतात. जोवर चिकटलंय तोवर चालतं.

“एआरएआयच्या टेकडीच्या उतारावर सुटला तो,” सुजय म्हणाला. “पायडल एकदम हलकं झालं. मी मागच्या टायरवर पाय दाबला. खाली कचराकुंडीपाशी थांबलो.”

तो बूट माझ्या कपाटात होता. मी काढला नाही.

“घरी सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर सायकल गेली असती.”

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. सायकल भंगारात घालण्याच्या धमकीने सुजयचं सायकल चालवणं एक दिवसही थांबलं नव्हतं. त्या धमकीने थांबलं होतं ते त्याचं सांगणं. जिवावरचा प्रसंग त्याने पलंगाखाली लपवला, कॉग पुन्हा त्याच द्रवाने चिकटवला आणि पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला मित्रांबरोबर पुन्हा तीच टेकडी गाठली. ज्या बाबांना हब बघताक्षणी कळलं असतं, ते एकटेच अंधारात राहिले. कारण बाबा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहेत. दिवसभर सुटे भाग तपासणं हाच त्यांचा व्यवसाय.

पालकांच्या भेटीत बाबांनी मोबाईल पुढे केला. अपघातांचे व्हिडिओ, रोज एक, मुलाला पाठवलेले. मी त्यांना थांबवलं. सुजयला हे सगळं माहीत होतं. 2025 च्या जुलैमध्ये सोलमध्ये ब्रेक नसलेल्या फिक्सीवरून उतार उतरताना एक शाळकरी मुलगा गेला आणि मग तिथल्या पोलिसांनी कारवाई सुरू केली, हे मला सुजयनेच सांगितलं. ज्या जपानच्या शर्यतींचं त्याला वेड आहे तिथेही रस्त्यावरच्या सायकलला पुढचा आणि मागचा ब्रेक कायद्याने लागतो, हेही त्याला ठाऊक होतं. या वयातल्या मुलांना धोका कळत नाही असं नाही. पण मित्र बघत असले की तीच मुलं एकट्यापेक्षा जास्त जोखीम पत्करतात. त्यांच्या गटात ब्रेकवाल्याला ‘काका’ म्हणत. सोळाव्या वर्षी ‘काका’ म्हणवून घेणं किती जड जातं, हे आपण मोठे विसरून जातो.

दुसरीकडे, ‘वय आहे, जाईल सगळं आपोआप’ असं म्हणून सोडून देणंही मला मान्य नाही. आपल्याकडे साधी सायकल मोटार वाहन कायद्यात बसत नाही. लायसन्स नाही, तपासणी नाही, ब्रेक कुठे आहे असं चौकात विचारणारं कोणी नाही. त्यामुळे जी अट घालायची ती घरातच घातली पाहिजे, आणि ब्रेक ही अट आहे. तिच्यावर मी घासाघीस करू देत नाही. थांबताना शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. म्हणून स्किड कितीही सफाईने मारला तरी पुढच्या ब्रेकइतक्या कमी अंतरात सायकल थांबत नाही. मध्ये रिक्षा वळली किंवा एखादं मूल पळत आलं, तर ते अंतर दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जातं.

पुढच्या भेटीत तिघांना एकत्र बसवलं. मी सुजयला विचारलं, “ट्रॅकवर ब्रेक का नसतात?”

“तिथे सगळे एकाच दिशेने जातात. कोणी आडवं येत नाही. मध्येच कोणी ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर आदळतील.” बालेवाडीचा वेलोड्रोम त्याने लांबून पाहिला होता. आपल्या महाराष्ट्राची सायकलपटू मयूरी लुटे ट्रॅकवर देशासाठी उतरते, तिचे व्हिडिओ त्याने पुनःपुन्हा बघितले होते.

“आणि कर्वे रस्त्यावर?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. बाबा बोलायला निघाले तेव्हा आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. शेवटी सुजय म्हणाला, “पुढचा लावला तर चालेल. मागच्याची वायर नको, फ्रेमवरून जाते ती.”

मग मी कपाटातून बूट काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, हे तू सांगायचंस की नाही ते तूच ठरव. त्याने सांगितलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी विचारलं ते इतकंच: “लॉकरिंग नव्हती?” सुजयने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाबांना हा शब्द माहीत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

जे ठरलं ते सुजयने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. लॉकरिंगचा खरा हब, त्याचे पैसे बाबा देतील. पुढचा ब्रेक आणि 17 चा कॉग सुजय स्वतःच्या पैशाने घेईल. हेल्मेट रोज. बुटाच्या नाड्या आत खोचायच्या, आणि चाक फिरतं ठेवून फडक्याने चेन पुसायची नाही, कारण फिक्सीची चेन बोट अडकलं म्हणून थांबत नाही. ब्रेक काढलेला दिसला तर सायकल एक आठवडा कुलपात. आई-बाबांनीही काही सोडलं. फ्रेमच्या रंगावर, रील्सवर आणि त्या मित्रांवर बोलायचं नाही. माझ्या आग्रहाने शेवटी एक ओळ आली: घसरलो, पडलो, थोडक्यात वाचलो, असं काही सांगितलं तर त्या सांगितलेल्या गोष्टीसाठी सायकल जाणार नाही.

या ओळीला बाबांचा विरोध होता. “म्हणजे त्याला मोकळं रान?” नाही. कुलूप आहे ते ब्रेक काढण्याला, सांगण्याला नाही. हा फरक त्यांना पटायला दोन भेटी लागल्या. अजूनही पूर्ण पटलाय का, मला खात्री नाही.

सगळं सुरळीत झालं नाही. तिसऱ्याच आठवड्यात एका रविवारी सुजयने फोटोपुरता ब्रेक काढला. घरी येऊन त्याने स्वतःच सांगितलं. ठरल्याप्रमाणे सायकल आठवडाभर कुलपात राहिली, आणि बाबांनी तेवढ्यावर थांबायचं ठरवून पाळलं, यासाठी मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. गटातल्या एका मुलाने सुजयचं बघून ब्रेक लावला. दुसऱ्याने सुजयला बोलावणंच बंद केलं. त्या आठवड्यात तो माझ्यासमोर रडला. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी ऐकून घेतलं.

तुमच्या घरात अशी सायकल असेल तर आधी मुलासोबत तिच्यापाशी बसा आणि त्याला ती समजावून सांगू द्या. मात्र त्याची झोप-जेवण बिघडलं असेल, मित्र सुटले असतील, भांडणानंतर तो रात्री-अपरात्री सायकल घेऊन जात असेल, जखमा लपवत असेल किंवा ‘माझं काही झालं तरी कोणाला काय फरक पडतो’ असं बोलत असेल, तर प्रश्न सायकलचा राहिलेला नाही. तेव्हा वाट न बघता समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा 14416 या क्रमांकावर मिळते.

सुजयच्या भेटी आता थांबल्या आहेत. शेवटच्या भेटीला आई एकट्याच आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, गेल्या मंगळवारी जेवताना सुजय आपणहून म्हणाला, नळ स्टॉपला एक रिक्षा अचानक डावीकडे वळली, मी पुढचा ब्रेक दाबला, थांबलो पण आडवा झालो. बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला आणि म्हणाले, “कोपर दाखव बघू.”