वाचकांचे प्रश्न : खेळाची पुस्तिका छापील घ्यावी की डिजिटल?

प्रश्न : मी साठी ओलांडलेला वाचक आहे. मायक्रोप्रोज कंपनीने 1998 मध्ये काढलेला ‘फाल्कन 4.0’ हा एफ-16 विमान उडवण्याचा खेळ निवांतपणे शिकावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. कॅनडात राहणारा माझा भाचा जुन्या वस्तूंच्या बाजारातून या खेळाचा मूळ खोका, आतल्या जाडजूड बाइंडरसह, आणून द्यायला तयार आहे. पण त्याची किंमत डाउनलोड करून मिळणाऱ्या प्रतीच्या कितीतरी पट आहे. डाउनलोडच्या प्रतीबरोबर पुस्तिका केवळ पीडीएफमध्ये मिळते आणि पडद्यावर वाचलेले माझ्या लक्षात राहत नाही. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण डाउनलोडची प्रत घ्यावी आणि पुस्तिकेतला हवा तेवढा भाग कागदावर छापून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या बाइंडरची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. जवळपास सहाशे पानांचा तो ग्रंथ आहे आणि त्यातली प्रशिक्षणाची प्रकरणे पीट बोनानी या एफ-16 च्या माजी वैमानिकाने लिहिलेली आहेत. एक प्रकरण वाचायचे, त्यावरचे सराव-उड्डाण करायचे आणि चुकले की पुन्हा त्याच पानावर यायचे, अशी त्याची रचना आहे. कड्यांचा बाइंडर टेबलावर सपाट उघडा राहतो, त्यामुळे एक हात जॉयस्टिकवर आणि दुसरा थ्रॉटलवर (इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर) असतानाही नजर खाली टाकून रडारच्या अवस्थांचा तक्ता पाहता येतो. शिकणाऱ्याचा इतका विचार करून केलेली पुस्तिका आज क्वचितच पाहायला मिळते.

तरीही खोका घेऊ नये असे म्हणण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण सीडीचे. त्या काळच्या सीडीवरील खेळ आजच्या विंडोजवर सरळ चालतीलच असे नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी सीडींवर असलेली सेफडिस्क नावाची, नकला रोखणारी संरक्षणप्रणाली तर विंडोज 10 पासून चालतच नाही. जीओजी किंवा स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत मिळणारी प्रत आजच्या संगणकासाठी जुळवून दिलेली असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा खेळ आज गंभीरपणे खेळणारे बहुतेक लोक ‘फाल्कन बीएमएस’ नावाच्या, हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून विकसित केलेल्या विनामूल्य आवृत्तीत खेळतात. तिच्यासाठी मूळ ‘फाल्कन 4.0’ ची अधिकृत प्रत संगणकावर असावी लागते आणि त्या कामी डाउनलोडची प्रत चालते. बीएमएसमध्ये इंजिन सुरू करण्यापासून शस्त्रे निवडण्यापर्यंतची हाताळणी 1998 च्या खेळाच्या मानाने बरीच बदललेली आहे. म्हणजे मोठी रक्कम मोजून आणलेल्या बाइंडरमधील उपकरणांची आणि कळांची प्रकरणे आपल्यासमोरच्या विमानाशी जुळणार नाहीत आणि नव्याने शिकणाऱ्याला ती गोंधळात टाकतील. हवाई डावपेचांची प्रकरणे मात्र आजही तितकीच उपयोगी आहेत. शत्रूच्या मागे कसे राहावे, वेग केव्हा राखावा आणि उंची केव्हा खर्च करावी, हे आवृत्ती बदलली म्हणून बदलत नाही.

म्हणून खरेदी करण्यापूर्वी ऑनलाइन दुकानातील खेळाच्या पानावर पुस्तिकेचा उल्लेख आहे ना, ते पाहावे. मूळ पुस्तिकेच्या पीडीएफमधून डावपेचांची आणि सरावाची प्रकरणे निवडावीत. बीएमएसबरोबर येणाऱ्या कागदपत्रांच्या फोल्डरमधून विमान सुरू करण्याची क्रमवार यादी आणि जॉयस्टिकवरील बटणांचा तक्ता घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून घेतले की तेही बाइंडरसारखेच टेबलावर सपाट राहते. क्रमवार यादी लॅमिनेट करून घ्यावी, कारण पहिले काही आठवडे ती सतत हाताळली जाईल. सगळी पुस्तिका छापण्याच्या भरीस पडू नये. जे शोधून वाचायचे ते पडद्यावरच बरे, कारण सहाशे पानांत एक संज्ञा शोधायला पीडीएफला क्षण पुरतो. दुकानदाराने स्वामित्वहक्काची शंका काढली, तर 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये खासगी वापरासाठी वाजवी मर्यादेत केलेल्या उपयोगाला सूट आहे, हे त्याला सांगावे. छापलेल्या प्रती इतरांना विकणे मात्र त्यात बसत नाही.

आणखी एक काम खरेदीच्या दिवशीच उरकावे. पीडीएफ उतरवून संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवावी. डिजिटल दुकानातून आपण बहुतेक वेळा खेळ वापरण्याचा परवाना घेत असतो. कॅलिफोर्नियात 2025 च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार तर विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. दुकानाच्या पानावरील पुस्तिकेचा दुवा कायम राहील, असे गृहीत धरू नये. आपल्या हातातली फाइल मात्र आपल्याकडे राहते.

एवढे सांगूनही त्या बाइंडरची ओढ सुटत नसेल आणि रक्कम आपल्याला जड नसेल, तर तो संग्रहासाठी जरूर घ्यावा. फक्त विक्रेत्याकडून पानांची छायाचित्रे आधी मागवावीत आणि पावसाळ्यात त्याला कसर लागणार नाही अशा कोरड्या जागी तो ठेवावा.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हा ऐतिहासिक साम्राज्ये उभारण्याचा खेळ हवा आहे. छापील पुस्तिका असलेला जुना खोका घेतला, तर तो निदान काही वेळ पडद्यापासून दूर बसून वाचेल, असे मला वाटते. नवी आवृत्ती फक्त डाउनलोडवर आहे. माझा विचार योग्य आहे का? (एक आई, ठाणे)

उत्तर : आपला हेतू अगदी योग्य आहे, त्यासाठी जुना खोका हा मार्ग मात्र सोयीचा नाही. 1999 च्या मूळ खेळात 13 संस्कृती, म्हणजे खेळायला निवडता येणारे समाज, होत्या. 2019 च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये त्या 35 झाल्या आणि पुढेही भर पडत राहिली, 2022 मध्ये भारतावरील विस्तार आला तेव्हा बंगाली, द्रविड आणि गुर्जर या संस्कृती आल्या आणि आधीच्या भारतीय संस्कृतीची रचनाच बदलली. जुन्या खोक्यातला घडीचा तक्ता देखणा होता, पण आपला मुलगा मित्रांबरोबर नवी आवृत्ती खेळेल तेव्हा त्यातली माहिती अपुरी आणि काही ठिकाणी चुकीची ठरेल. सतत बदलणाऱ्या प्रत्येक खेळाची हीच गत आहे. ‘स्टेलारिस’ या अवकाशातील साम्राज्यांच्या खेळात 2018 या एकाच वर्षात ग्रहांच्या अर्थव्यवस्थेपासून तारकांमधील प्रवासापर्यंत मुळातून बदल झाले. त्याची 2016 मधली छापील पुस्तिका कोणाकडे असती, तर वर्षअखेरीस तिचा उपयोग उरला नसता.

नवी आवृत्ती घ्यावी. खेळातच तंत्रज्ञानाचा वृक्ष (कशानंतर काय मिळते हे दाखवणारा तक्ता) आणि इतिहासाची पाने आहेत. मुलाला आवडेल ती एक संस्कृती निवडायला सांगावी आणि तिचा वृक्ष त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावा : कोणत्या युगात कोणती इमारत, तिच्यातून कोणते सैनिक, त्यांना काय खर्च. खेळताना हा कागद शेजारी ठेवला की त्याचा उपयोग त्याला लगेच दिसेल, आणि बदल झाला की तो स्वतः दुरुस्त करील. मुले आयती पुस्तिका बाजूला ठेवतात, पण स्वतः केलेला तक्ता जपून वापरतात, असा माझा अनुभव आहे. इंग्रजी अजून जड जात असेल, तर या आवृत्तीत हिंदीची सोय आहे, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : डॉस या विंडोजआधीच्या संगणकप्रणालीवरील जुन्या खेळांमध्ये ‘पुस्तिकेतील अमुक पानावरचा शब्द सांगा’ असे विचारले जायचे. हे खेळ आता डिजिटल घेतले, तर पुस्तिकेअभावी अडायला होते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : अधिकृत प्रत घेतली तर सहसा अडत नाही, पण खेळ सुरू करण्यापूर्वी पुस्तिका उघडून पाहणे आवश्यक आहे. त्या काळी नकला रोखण्यासाठी पुस्तिका खेळाचाच भाग केली जात असे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिली पातळी संपली की अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची खोली येई आणि पुस्तिकेतील सांगितलेल्या शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल तीच प्यावी लागे. आपल्याकडे फ्लॉपीवरून फिरलेल्या प्रतींमुळे ही खोली अनेकांना पाठ आहे, आणि पुस्तिका मात्र फारच थोड्यांनी पाहिली आहे. 1989 च्या ‘सिमसिटी’बरोबर झेरॉक्स निघू नये म्हणून गडद लाल कागदावर सांकेतिक खुणा छापलेल्या होत्या, 1990 च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’बरोबर समुद्री चाच्यांचे अर्धे चेहरे जुळवण्याची फिरती चकती येत असे. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये (1991) तर प्रश्नाचे उत्तर चुकले की आपले सैन्य कमी होत असे.

आज जुने खेळ विकणारी दुकाने काही वेळा ही तपासणी काढून टाकतात, तर काही वेळा पुस्तिकेचे किंवा सांकेतिक तक्त्याचे स्कॅन सोबत देतात. जीओजीवर ते खेळाच्या जोडसाहित्यात असतात. इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयातही जुन्या पुस्तिकांचा मोठा साठा आहे. अशा स्कॅनमध्ये शब्दशोध बहुतेक वेळा चालत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती नुसती चित्रे असतात. त्यातच पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम मुखपृष्ठापासून पाने मोजतो आणि खेळ मात्र पानावर छापलेला क्रमांक विचारतो. त्यामुळे उत्तर देताना पानाच्या तळाशी छापलेला आकडाच पाहावा.