'डे' आणि 'दिवस' नातेवाईक नाहीत

नमस्कार ताई, डोंबिवलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी आर्ट्सला, भाषा कशा घडल्या याचं वेड लागलंय, ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकात लिहिलंय की जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या. मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं, आणि यात पुढे स्कोप आहे का, असं विचारलंत.

ते पुस्तक रद्दीत गेलं तरी चालेल. कलकत्त्यातले इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं ते एवढंच की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही, म्हणजे या बहिणी झाल्या, आई वेगळीच, आणि तमिळ-कन्नड तर दुसऱ्याच घरातल्या.

लेकीला एक टेस्ट द्या. इंग्रजी 'डे' आणि आपला 'दिवस' ऐकायला सारखे, पण नातं काही नाही. कारण संस्कृतात 'द' असेल तिथे इंग्रजीत सहसा 'ट' येतो, दश-टेन, द्वि-टू, मग दिवसाचा सख्खा भाऊ 'ड'ने कसा सुरू होईल? उलट 'चक्र' आणि 'व्हील' अजिबात सारखे वाटत नाहीत तरी मूळ एकच. असा ध्वनीबदलाचा हिशोब मांडून दाखवतं ते पुस्तक ठेवायचं, "बघा किती सारखं वाटतं" एवढ्यावरच उड्या मारणारं परत करायचं.

मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णींचं 'मराठी भाषा : उद्गम व विकास', १९३३ चं, जरा जड आहे पण पाया पक्का होतो. लगेच विकत घेऊ नका, आधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बघा. आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात बऱ्याच शब्दांपुढे संस्कृत, फारसी की अरबी याची खूण असते. रोज घरातले पाच शब्द शोधायला सांगा, कागद, बाजार वगैरे. (पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडून आलेत, हे सांगितलं की मुलं हमखास चमकतात.) फक्त कोश जुना आहे, त्यातला प्रत्येक अंदाज आज टिकेलच असं नाही.

आता स्कोप. लिंग्विस्टिक्समध्ये, म्हणजे भाषाशास्त्रात, एमए आपल्या मुंबई विद्यापीठात कलिनाला होतं, पुण्यात डेक्कन कॉलेजलाही. पुढे कोशाचं काम, शिकवणं, संशोधन, भाषेच्या कॉम्प्युटरवाल्या कामात जायचं तर कोडिंग वेगळं शिकावं लागेल, आणि नुसत्या बीएवर लगेच भारी पगार मिळेल असं मी तरी सांगणार नाही. आणखी एक, माझ्याकडे येणारी बरीच पोरं शब्दांच्या गोष्टींसाठी येतात आणि ध्वनींची चिन्हं नि वाक्यरचनेच्या आकृत्या बघून पळतात, कारण भाषेचा इतिहास ही या विषयातली एकच खोली आहे. म्हणून जॉर्ज यूलचं 'द स्टडी ऑफ लँग्वेज' आणा, त्यातले उच्चार आणि व्याकरणाचे चॅप्टर आधी वाचू दे, इतिहासाचा चॅप्टर शेवटी. ते दोन न कंटाळता झाले तर तिला घेऊन एकदा कलिनाला डिपार्टमेंटमध्ये जाऊन या.