हॉस्टेलच्या खोलीतला पेसाह

शालोम बाळ,

तुझी आई काल सांगत होती, तू म्हणालीस, "यंदा राहू दे, एकटीनं कसला सेदेर करायचा?" फोनवर मी लांबण लावतो आणि तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतेस, म्हणून लिहायला बसलो.

पेसाह म्हणजे आपले पूर्वज मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले त्याचा सण, आणि सेदेर म्हणजे त्या रात्री ती गोष्ट सांगत करायचं जेवण. तो एकटीनंही करायचा असतो. हे मी पदरचं सांगत नाही, तल्मूदात, आपल्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, आहे. मुलगा शहाणा असेल तर त्यानं बापाला विचारावं, नसेल तर बायकोनं, आणि घरात कोणीच नसेल तर माणसानं स्वतःलाच विचारावं. सगळे नियम तोंडपाठ असलेले दोन पंडित समोरासमोर बसले, तरी त्यांनीही एकमेकांना विचारायचंच. तेव्हा 'मा निश्ताना', म्हणजे 'ही रात्र वेगळी का?' हे प्रश्न, मनातल्या मनात म्हणू नकोस, तोंड उघडून म्हण. घरी तू शेंडेफळ, त्यामुळे प्रश्न कायम तुझ्याकडे आणि उत्तर आजोबांकडे. यंदा दोन्ही तुझ्याकडे. उत्तर देताना अडखळशील, अडखळ.

१९८४ साली मी खरगपूरला पहिल्या वर्षाला होतो. आईनं मत्झा, सणाची बिनखमिराची पातळ भाकर, जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत घातला होता. स्टेशनवर उघडला तर निम्म्याचा चुरा. सेदेर केला कसाबसा. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेच्या घाईत मेसमध्ये टोस्ट उचलून खाल्ला. या दिवसांत मत्झाशिवाय गव्हाचं काही खायचं नसतं, हे अर्धा पोटात गेल्यावर लक्षात आलं. मग म्हटलं, मोडलंच आहे तर मोडू दे, आणि उरलेले दिवस जे ताटात पडलं ते खाल्लं. टोस्टचं मला आज काही वाटत नाही. त्या उरलेल्या दिवसांची मात्र अजून लाज वाटते. तुझ्याकडून चूक झाली तर तोंड धू आणि पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू कर.

कानपूरच्या मेसमध्ये पोळी, दलिया, रव्याचा उपमा यातलं काही चालणार नाही, हे तुला ठाऊक आहेच. ओट्सही बंद. पण खरा चोर हिंग. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे फोडणीचं वरण गेलं. भात, उकडलेली अंडी, बटाटे, फळं, दही यावर आठ दिवस निघतात. आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, भात खातो हे तिथे आपलं नशीबच समज. युरोपातल्या बऱ्याच यहुद्यांच्या घरी या दिवसांत तोही वर्ज्य.

सेदेरच्या ताटात ठेवायचं हाड कुठून आणू, असं तू आईला विचारलंस म्हणे. शाकाहारी मेसमध्ये मागूही नकोस, उगाच तमाशा. ताटात दोन शिजवलेले पदार्थ कोणते ठेवावेत, यावर तल्मूदात राव हुना या पंडितांनी सांगितलंय: बीट आणि भात. दोन्ही तुझ्या मेसमध्ये मिळतील.

सेदेरला चार पेले प्यायचे असतात, त्यासाठी द्राक्षरसाऐवजी आपलं नेहमीचं सरबत कर. काळ्या मनुका धुऊन रात्रभर भिजत घाल, सकाळी हातानं कुस्कर, फडक्यातून पिळून घे. चार पेल्यांना मूठ-दोन मुठी मनुका पुरतात, पेले लहान घेतलेस तर. ताटातला खजुराचा पाक मात्र किटलीत करायला जाऊ नकोस, तळाला लागतो. आई बरणी पाठवतेय. झाकणाला पीठ लावून बंद करू नको म्हणून मी तिला दोनदा बजावलंय, या सणाला तरी. आपल्या जुन्या बायका पेसाहला 'अनाशी ढाकण्याचा सण' म्हणत, आंबट पाण्याचं भांडं झाकून ठेवायचा सण. भांड्यांना कल्हई, भिंतींना चुना, आठवडाभर घरात नुसती धांदल. तू टेबलाचा खण झाड आणि बिस्किटांचे पुडे वाटून टाक. तेवढं बास.

सोबत हगादाच्या, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीच्या, काही पानांची झेरॉक्स आहे. १८७४ साली पुण्यात छापलेली, हिब्रूसोबत मराठी. त्यातलं एक चित्र नीट बघ. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्झा लाटताहेत. मिसरमधून निघालेल्या लोकांची गोष्ट, आणि बायका थेट आपल्या आज्यांसारख्या बसलेल्या! मला ते चित्र पाहून दरवेळी हसू येतं आणि दरवेळी गळाही दाटतो.

आणि शेजारच्या खोलीतल्या पोरींना बोलाव. "ज्याला भूक आहे त्यानं यावं, जेवावं" हे वाक्य हगादाच्या सुरुवातीलाच आहे, तेही अरामीत, त्या काळी बाजारात बोलत त्या भाषेत. बंद खोलीत ते कोणाला ऐकवणार? तुझी ती बंगाली मैत्रीण सगळ्यात लहान असेल तर प्रश्न तिला विचारू दे, बंगालीतच. मत्झा बेचव लागला असं त्या म्हणतील. म्हणू देत, लागतोच.

एलियाहू हन्नाबींसाठी, त्या रात्री वाट बघायच्या संदेष्ट्यासाठी, दार उघडशील तेव्हा कॉरिडॉरमधलं कुत्रं सांभाळ. बीट-भाताकडे ते बघणार नाही, पण अंड्याचं सांगता येत नाही.

सेदेर १ एप्रिलला, बुधवारी आहे, लॅब संपवून वेळेत ये. तुमच्याकडे सूर्य ठाण्यापेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतो. सण सूर्य मावळताना लागतो, आणि लागल्यावर आजी फोनला हात लावत नाही, आणि तुझा सण तिच्याआधी लागतो. तेव्हा पाचलाच फोन कर. ती चारपासून फोनशेजारी बसलेली असेल.

तुझा,
मामा